घुम्यानं पारखलेलं कॉलेज

कंपनीत त्याला सगळे घुम्या म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तोही मुकाट ओ द्यायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलायची गरज तरी किती पडते म्हणा! जोडीदार वर मशीनरूममध्ये, हा खाली लिफ्टच्या खड्ड्यात. वरून हाक यायची, "सोडू?" खालून हा म्हणायचा, "सोड." नाहीतर, "थांब." खालच्याचा आवाज कानावर आल्याशिवाय वरच्यानं लिफ्ट तसूभर हलवायची नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम. एवढं बोललं की घुम्याचं त्या दिवसाचं बोलणं आटोपलं. जोडीदाराचं मात्र तोंड अखंड चालू. ढेरी सांभाळत, पान्याशीसुद्धा गप्पा मारणारा माणूस तो. "लेका, तुझ्याबरोबर आयुष्य काढलं, पण तुला भाऊ आहे की बहीण, हे मला अजून ठाऊक नाही," असं तो म्हणायचा. घुम्याला ना भाऊ होता ना बहीण. पण तेही त्यानं कधी सांगितलं नाही.

तो काही जन्मतः मेकॅनिक नव्हता. त्यालाही एके काळी इंजिनियर व्हायचं होतं. घरापासून लांबच्या कॉलेजात नाव घातलं, वसतिगृहात खोली मिळाली, आणि तिथं या गड्यानं पहिलं वर्ष कुणाशी न बोलता काढलं. कुणी त्रास दिला असं नाही हो. त्रास द्यायलासुद्धा माणसाची दखल घ्यावी लागते, ती कुणी घेतली नाही. मग एकदा तापानं फणफणला. खोलीत पडून होता. बाहेरून पोरं जात-येत होती, चपलांचा आवाज यायचा, हसण्याचा यायचा, पण दार कुणी ढकललं नाही. शेवटी झाडूवाल्या मावशीनं केर काढायला दार उघडलं तेव्हा याला पाणी मिळालं. बरा झाल्यावर त्यानं सामान बांधलं आणि घरी आला. बापानं शिव्यांची लाखोली वाहिली, ती त्यानं ऐकून घेतली आणि लिफ्टच्या कंपनीत कामाला लागला.

बायको मात्र त्याला अगदी उलट मिळाली. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात डाग काढायचं काम करायची. तेल, शाई, गंज, कशाचाही डाग असो, ती बाई त्याच्याशी भांडल्यासारखी बोलत बोलत तो काढायची. घरातही तिचंच राज्य. नवरा बोलत नाही म्हणून दोघांचं बोलणं तीच उरकून घ्यायची.

आणि मग एक लेक. तिला घरात मुंगी म्हणायचे. भिंतीच्या कडेकडेनं आपली आपण चालायची, कुणाच्या पायात यायची नाही, म्हणून मुंगी. घुम्यानं जगात कुणापुढे तोंड उघडलं असेल तर या पोरीपुढे. संध्याकाळी जेवायला बसले की त्याचा खेळ सुरू व्हायचा. दिवसभरात ऐकलेले लिफ्टचे आवाज तो तोंडानं काढून दाखवायचा. दार अडकलं की कसं कुरकुरतं, जुना दोर कसा कण्हतो, मोटर थकली की कशी घुरघुरते. मुंगी खिदळायची. लहान असताना ती धावत येऊन त्याच्या मांडीवर बसली की हा गंभीर चेहरा करून म्हणायचा, "टूं टूं टूं! वजन जास्त झालं! एकानं उतरा!" आणि तिला अलगद खाली लोटायचा. ती पुन्हा चढायची. पुन्हा टूं टूं. आई ओरडायची, "अहो, तिला दोन घास तरी खाऊ द्या!" लिफ्टमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली की जो बझर वाजतो, तो हा आवाज. त्या घरात मात्र तो लाडाचा आवाज होता.

मुंगी मोठी झाली, हुशार निघाली, आणि घुम्याला धास्ती वाटायला लागली. कारण पोरगी त्याच्यावर गेली होती. शाळेच्या मैदानावर सगळ्या एकीकडे आणि ही दुसरीकडे. वाढदिवसाला कुणाला बोलावू म्हटलं तर म्हणायची, "कुणाला नको, आपण तिघं आहोत ना." आईला त्यात काही वावगं वाटायचं नाही. घुम्याला मात्र ती बंद खोली आठवायची.

बारावीला तिला असे गुण पडले की इंजिनियरिंगची दोन कॉलेजं सहज मिळत होती. दोन्ही घरापासून एका बसच्या अंतरावर, दोन्हीकडचं शिक्षण सारखंच चांगलं. मग निवडायचं कशावरून? घुम्यानं जोडीदाराला विचारलं. जोडीदार पाना खाली ठेवून बघतच राहिला, कारण घुम्यानं आपणहून काही विचारल्याची ही पहिलीच वेळ.

"वातावरण बघ," जोडीदार म्हणाला. "माझ्या पुतण्याचं तेच झालं. कॉलेज नावाजलेलं, पण वातावरण जमलं नाही. पोरगं सुकून गेलं. इमारत काय चाटायचीय? सोबत कशी आहे ते बघ."

हे घुम्याच्या मनात ठसलं. पण वातावरण बघायचं कसं? त्याचा स्वतःचा एक उपाय होता. माणूस ओळखायचा तर तो लिफ्टमध्ये, असं त्याचं ठाम मत. दार बंद झालं की थोडा वेळ कुणाला कुठे पळता येत नाही. आणि निळ्या कपड्यातला मेकॅनिक कोपऱ्यात उभा असला तर त्याला कोण माणसात धरतंय? त्याच्यासमोर लोक भांडतात, रडतात, साहेबाच्या नकला करतात. कुठल्या ऑफिसात कुणाची नोकरी जाणार, हे घुम्याला त्या माणसाच्या आधी कळलेलं असायचं. दोन्ही कॉलेजांच्या लिफ्ट त्याच्याच कंपनीच्या. देखभाल दुसरी जोडी करायची, पण निळे कपडे आणि हातात पेटी असली की कोण अडवतो?

पहिल्या कॉलेजात तो दुपारभर वर-खाली करत राहिला. मुलं चढायची, आपापला मजला दाबायची, कानात वायरी, नजर जमिनीवर. एक मुलगी म्हणाली, "पाचवा." कुणीतरी पाचवा दाबला. त्यापलीकडे शब्द नाही. घुम्याला दाराबाहेरच्या त्या चपला आठवल्या. हेच ते, त्याला वाटलं. इथं माझी पोरगी मेली तरी कुणी दार उघडणार नाही.

दुसऱ्या कॉलेजात तो तळमजल्यावरच्या लिफ्टकडे गेला तेव्हा दार मिटत आलं होतं. आतून एका उंच मुलानं हात घालून ते अडवलं. "या ना काका, जागा आहे!" घुम्या आत शिरला. पोरं एकमेकांच्या अंगावर रेलून हसत होती, कुणी कुणाची टोपी पळवत होतं, एक मुलगी गाणं म्हणत होती. पहिल्या मजल्यावर दार उघडलं आणि तपकिरी बॅगवाली एक मुलगी आत आली. ती आत पाय टाकते न टाकते तोच सगळ्या पोरांनी एका सुरात तोंडानं आवाज काढला, "टूं टूं टूं!"

घुम्या चमकला. आणि मग तो चक्क मोठ्यानं हसला. अहो, काय हुबेहूब! तीच पट्टी, तोच मधला थांबा. त्याच्या घरातला आवाज, त्याचा आणि मुंगीचा, इथं परक्या पोरांच्या तोंडी! तपकिरी बॅगवाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तीही मान खाली घालून हसली असावी, असं त्याला वाटलं. पुढच्याच मजल्यावर ती उतरून गेली.

"काका, जमलं ना?" उंच मुलानं विचारलं.

"हुबेहूब," घुम्या म्हणाला. परक्या माणसाशी तो आपणहून हसून बोलला, हे त्याचं त्यालाच घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं.

त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या त्यानं सगळं रंगवून सांगितलं. हात घालून दार कसं अडवलं, टोपी कशी पळवली, आणि शेवटी तो आवाज. "टूं टूं टूं! मुंगे, शप्पथ, आपल्या घरातला आवाज. मी तर हसून हसून दमलो. ती पोरगी शिरली मात्र आणि सगळे एकदम सुरू!"

मुंगीही हसली. पण मग हळूच म्हणाली, "बाबा, मला ते पहिलं आवडलं होतं. मी आणि आई जाऊन आलो ना. तिथं कुणी आपल्याकडे बघत नाही."

"तेच म्हणतोय मी! कुणी बघत नाही!"

"मग बिघडलं काय?" आई मध्ये पडली. "पोरीला शिकायला पाठवताय की गप्पा छाटायला? तिला जिथं बरं वाटतं तिथं जाऊ द्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात, काय वाईट आहे?"

"तुला नाही कळायचं ते," घुम्या म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बायकोला वसतिगृहातल्या त्या तापाची गोष्ट सांगितली. दाराबाहेरच्या चपलांची, झाडूवाल्या मावशीची.   मुंगी बापाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बापासाठी होतं.

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," ती म्हणाली.

"एक वर्ष बघ. नाही जमलं तर बदलू. शब्द देतो."

शब्द दिला! जसं काही कॉलेजं म्हणजे दुकानातल्या चपला, चावल्या की बदलून आणायच्या. पण त्या वेळी त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं. कॉम्प्युटरवर पसंतीचा क्रम भरायचा होता, तो मुंगीनंच भरला. बाप पाठीमागे उभा होता. पहिल्या क्रमांकावर तिनं हसणाऱ्या पोरांचं कॉलेज टाकलं.

कॉलेज सुरू झालं आणि घुम्याचा जणू पुनर्जन्म झाला. रोज संध्याकाळी तो विचारायचा, "आज कोण भेटलं?" आणि मुंगी सांगायची. एक वर्ष पुढं असलेल्या, लिफ्टमधल्या त्या उंच्यानं आज प्रयोगशाळेत काय गोंधळ घातला. कुरळीची आणि गाणारीची कशी जुंपली. कॅन्टीनमध्ये कुणी कुणाच्या डब्यावर डल्ला मारला. घुम्याला ती सगळी पोरं आपल्या घरातली वाटायला लागली. कामावर तो जोडीदाराला ऐकवायचा, "आमच्या कुरळीनं काल काय केलं माहीत आहे का?" जोडीदार कपाळाला हात लावायचा. "अरे, तुझं नाव बदलायला पाहिजे आता! घुम्याला वाचा फुटली!" एकदा आई म्हणाली, "या सगळ्या मैत्रिणींना एकदा घरी घेऊन ये." मुंगी म्हणाली, "परीक्षा झाल्यावर." परीक्षा झाली. मग म्हणाली, "पुढच्या परीक्षेनंतर."

मधेच तिचे गुडघे दुखायला लागले. रात्री आई तेल चोळून द्यायची आणि विचारायची, "या वयात गुडघे? मी दिवसभर उभी असते, माझे नाही दुखत!" घुम्या म्हणायचा, "वाढीचं वय आहे, होतं." पोरगी आणखी बारीक झाली, ताटात अन्न टाकायला लागली. अभ्यास फार असतो, असं तीच म्हणायची. पण गोष्टी सांगायची थांबली नाही. पोटापुरतं खाल्लं नाही तरी बापापुरती एक गोष्ट ती रोज घेऊन यायची.

पहिलं वर्ष असं गेलं आणि दुसरं सुरू झालं. एके सकाळी ऑफिसातून घुम्याला फोन आला. त्या कॉलेजातून तक्रार आली होती, आणि तिथली नेहमीची जोडी रजेवर होती. "लिफ्टचा बझर विनाकारण वाजतो म्हणे. वजन नसताना टूं टूं करते. एका प्राध्यापकांनी ऐकलंय. जाऊन बघा."

घुम्या खूश झाला. मुंगीचं कॉलेज! जमलं तर तिच्या दोस्तमंडळींनाही भेटता येईल. त्यानं स्वच्छ धुतलेला गणवेश घातला. बायकोनं कॉलरवरचा ग्रीसचा जुना डाग पहाटेच उठून काढून दिला. "पोरीला लाज नको वाटायला," ती म्हणाली.

जोडीदार वर मशीनरूममध्ये गेला. घुम्यानं लिफ्टखालचा वजनाचा सेन्सर तपासला. ठणठणीत. वायरी पाहिल्या, बझर पाहिला. सगळं जिथल्या तिथं. बझर काही आपणहून वाजला नाही. "वरून काही सापडेना," जोडीदार म्हणाला. "मी आत उभा राहून बघतो," घुम्या म्हणाला आणि पेटी पायाशी ठेवून लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात उभा राहिला. दोनदा वर जाऊन खाली आला. बझर गप्प.

मग तास सुटला. तळमजल्यावर दार उघडलं आणि पोरांचा लोंढा आत घुसला. उंच मुलगा त्यात होता, घुम्यानं त्याला लगेच ओळखलं. कुरळ्या केसांची एक होती. गुणगुणणारी होती. हा उंच्या, ही कुरळी, ही गाणारी! घुम्याच्या ओठांवर हसू आलं. आता मुंगी येईल, त्याला वाटलं, आणि मला बघून दचकेल.

मुंगी आली. लिफ्टच्या दारासमोर, वह्या छातीशी धरून. घाईत असावी, कारण तिनं एक पाऊल उचललं. आत अजून दोघांची जागा होती.

"टूं टूं टूं!"

सगळे एका सुरात. तीच पट्टी, तोच मधला थांबा. मुंगीचं पाऊल हवेतच थांबलं. ती मागे सरली. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही, नाहीतर कोपऱ्यातला बाप तिला दिसला असता. ती डावीकडे वळली आणि जिन्याकडे चालू लागली. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "पुढची लिफ्ट बघ गं!" आणि हास्याचा फवारा उडाला. दार मिटलं.

घुम्या त्या हसण्याच्या मधोमध उभा होता. उंच मुलाचं लक्ष त्याच्या निळ्या कपड्यांकडे गेलं. "काका, लिफ्ट बिघडलेली नाही हां. आम्हीच वाजवतो. जमलं ना?"

वर्षामागे याच प्रश्नाला त्यानं काय उत्तर दिलं होतं, ते त्याला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. या पोराचं थोबाड फोडावं असं त्याला वाटलं, हातही शिवशिवले. पण थोबाड फोडायचं तर आधी कुणाचं? दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तसा तो पोरांना ढकलून बाहेर पडला. पेटी आतच राहिली.

तो जिन्यात उभा राहिला. खालून पावलं वाजत होती, संथ, प्रत्येक पायरीवर किंचित थांबून. मुंगी वळणावर आली आणि थबकली.

"बाबा? तुम्ही इकडे कसे?"

"लिफ्टची तक्रार आली होती."

"काय बिघडलंय?"

"काही नाही."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती पायरीवर बसली. घुम्या तिच्या शेजारी बसला. 

"रोज असं?" त्यानं विचारलं.

"रोज कसं? मी जिन्यानंच जाते ना. आज उशीर झाला होता म्हणून चुकून..."

"तुमचा वर्ग सहाव्यावर आहे म्हणाली होतीस."

"हो."

घुम्यानं तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. लिफ्टवाल्याची पोरगी, आणि सहा मजले पायी! "मग त्या गोष्टी? ती कुरळी, ती गाणारी, डब्यावरचा डल्ला?"

"सगळं खरं आहे, बाबा. मी काही खोटं सांगितलं नाही. फक्त त्यात मी नसते."

 घुम्यानं विचारलं, "मी आलो होतो तेव्हा एक मुलगी होती. तपकिरी बॅग."

"ती सोडून गेली. मला सीनियर होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, जिना डावीकडे आहे." मुंगी जराशी हसली. "ती असती तर आम्ही दोघी झालो असतो."

"चल. आत्ताच्या आत्ता नाव काढू. मी शब्द दिला होता."

"कुठे जायचं? त्या पहिल्या कॉलेजात विचारून आले मी. आता जागा नाहीत म्हणाले."

"तू गेली होतीस? एकटी?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, नाही जमलं तर बदलू."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

मुंगीनं वह्या सावरल्या. ती उठली. "आईला सांगू नका. ती नको म्हणत होती आणि तुम्ही हट्ट केलात, ती तुम्हाला जन्मभर बोलून दाखवेल. मला तास आहे." दोन पायऱ्या चढून ती वळली. "वर येऊ नका हां, बाबा. ते बघतील."

घुम्या तिथंच बसून राहिला. वरून जोडीदाराच्या हाका ऐकू येत होत्या. "अरे, सापडलं का? सोडू का लिफ्ट? घुम्या! तोंड उघड की!" खालच्यानं उत्तर द्यायचं असतं, हा नियम त्यानं आजवर एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी त्यानं उत्तर दिलं नाही. जोडीदार शेवटी धापा टाकत जिना उतरून आला, घुम्याला पायरीवर बसलेला बघून शिव्या द्यायला त्यानं तोंड उघडलं, आणि मग न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. आईला धीर कुठला! "काय हो, गेला होतात ना तिच्या कॉलेजात? भेटलं का कोणी? मेल्यांनी एकदा घरी यायला काय होतं?"

घुम्या काही बोलायच्या आत मुंगीच म्हणाली, "भेटले ना. सगळे भेटले बाबांना. उंच्या तर म्हणत होता, काका मागं येऊन गेले होते, आठवतात आम्हाला."

तिनं हे इतक्या सराईतपणे सांगितलं की घुम्याच्या हातातला घास हातातच राहिला. बापाला वाचवायला पोरगी पुन्हा एक गोष्ट घेऊन आली होती.

आई खुलली. "अगंबाई! म्हणजे चुकले ती मीच म्हणायची. मी नुसती नन्नाचा पाढा वाचत होते. तुमची पारख खरी ठरली हो."

झालं. बायकोनं आयुष्यात एकदा आपली चूक कबूल केली, आणि ती यावर! घुम्यानं घास ताटात ठेवला. गप्प बसणं त्याला जमत होतं, त्यात तर त्याची हयात गेली होती. आज गप्प बसला असता तर सगळं निभावून गेलं असतं, घरात शांतता राहिली असती, आणि उद्या मुंगी पुन्हा सहा मजले चढली असती.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. "बाबा, नको ना," मुंगी पुटपुटली, पण तो थांबला नाही. त्यानं सगळं सांगितलं. लिफ्ट, ते एक पाऊल, जिना, गुडघे, तपकिरी बॅग. आवाज कसा होता ते त्यानं काढून दाखवलं नाही. नुसतं म्हणाला, "तोच आवाज."

तो वाट बघत होता की बायको आता तोंड सोडेल, त्याचा उद्धार करेल. करावा, असंच त्याला वाटत होतं. पण ती त्याच्याकडे वळलीच नाही. तिनं पोरीचा हात धरला. 

"आणि तू गप्प का बसलीस गं? अख्खं वर्षभर? मला नाही तर नाही, यांना तरी सांगायचंस. यांना तू सगळं सांगतेस."

मुंगी ताटाकडे बघत होती.

"बाबाच म्हणाले होते ना," ती म्हणाली, "आपल्या घरातला आवाज आहे. ते हसून हसून दमले होते. मला वाटलं, गंमतच असेल. मलाच हसता येत नाही."

घुम्यानं तिच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला. मुंगी थोडी सरकली, तिनं आपलं ताट उचललं आणि ती आत निघून गेली.